ओळखा पाहू कशाचं!

कुणाच्या घरी बसायला गेलं असता चहाच्या आधी आपल्या हातात एखादी वस्तू ठेवण्यात आली आणि यजमानीणबाई पदराशी चाळा करीत समोर उभ्या राहिल्या, की मी सावध होतो. पुढचा प्रश्न मला पाठ आहे. "ओळखा पाहू कशाचं आहे?"

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. याचं उत्तर ठाऊक असलं तरी द्यायचं नसतं. फुलदाणीच्या बुडाशी 'वनस्पती' ही अक्षरं रंगाच्या दोन हातांखालून डोकावत असली, तरी आपण ती उजेडाकडे धरायची, नखाने टिचकी मारायची, "चिनी माती?" असं भीतभीत विचारायचं, बाई खुदकन हसल्या की "मग पितळ?" म्हणायचं, आणि तिसऱ्या खेपेला शरणागती पत्करायची. "अहो, डालड्याचा डबा!" या उद्गारावर "काय सांगता!" एवढं म्हटलं की चहा येतो. चहाबरोबर आणखी काय येतं, हे ते "काय सांगता" आपण किती जोरात म्हटलं यावर अवलंबून असतं. आमचा एक मित्र स्वभावाने फार सरळ. त्याने एका घरी पहिल्याच फटक्यात "फुटका ट्यूबलाइट ना?" म्हणून सांगून टाकलं. बिचारा बिनसाखरेचा चहा पिऊन परत आला.

'टाकाऊतून टिकाऊ' हा आपल्या मध्यमवर्गाचा कुळाचार आहे, आणि इतर कुळाचारांसारखाच तोही बायकांनी करायचा आणि पुरुषांनी लांबून पाहायचा असतो. यातल्या 'टाकाऊ'बद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी तक्रार 'टिकाऊ'बद्दल आहे. या वस्तू टिकतात हो! विकत आणलेला काचेचा पेला आठ दिवसांत फुटतो, पण आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनं ठेवायचा डबा घरात दोन पिढ्यांची पेनं सुकली तरी हलत नाही. माझ्या माहितीच्या एका घरात, शोकेसमध्ये आगकाड्यांचा ताजमहाल आहे. गृहस्थांनी निवृत्तीनंतरची तीन वर्षं त्यात घातली. त्या ताजमहालापासून दहा फुटांवर कुणी सिगारेटसाठी काडेपेटी काढली, तरी घरातली सगळी माणसं एकदम उभी राहतात. शिवाय या ताजमहालाची राणी अजून हयात आहे आणि रोज सकाळी धूळ तिलाच पुसावी लागते.

आमच्याकडे हा कुळाचार हिने चालू ठेवलेला आहे. हिचं पहिलं युग प्लॅस्टिकच्या वायरींचं. वायरींच्या बास्केटा विणून तिने सगळ्या नात्यागोत्याला भाजी आणायला लावलं. पण ती वायर विकत आणावी लागे, त्यामुळे शुद्ध पंथाच्या बायका तिला 'टाकाऊतून टिकाऊ'त धरीत नसत. मग दुधाच्या पिशव्यांचं युग आलं. कापायच्या, धुवायच्या, दोरीवर चिमटे लावून वाळत घालायच्या, मग त्यांच्या पट्ट्या काढायच्या आणि वेण्या घालायच्या. दोनेक महिन्यांत निळ्या-हिरव्या पट्ट्यांचं एक पायपुसणं तयार झालं. त्याचा गुण असा, की ते पाण्याचा थेंबही शोषून घेत नसे. न्हाणीघरातून आलेला माणूस त्याच्यावर पाय पुसायला उभा राहिला, की पायपुसण्यासकट थेट स्वयंपाकघरात पोचे. 2018 साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हा मी मोठ्या आशेने त्या पायपुसण्याकडे पाहिलं होतं. पण बंदीतून दुधाच्या पिशव्या सुटल्या आणि त्यांच्याबरोबर आमचं पायपुसणंही सुटलं.

हल्ली लग्नपत्रिकांचं युग चालू आहे. इथे मात्र हिची बाजू मला पटते. लग्नपत्रिका टाकून देता येत नाही, कारण तिच्यावर गणपती असतो. लग्न होऊन जातं, मांडव उतरतो, वधूवर वेगळे बिऱ्हाड करतात, पण गणपती आपल्याकडेच राहतो. त्याला रद्दीत कसा घालायचा? आमच्या माळ्यावर बुटांच्या तीन खोक्यांत असे चार-पाचशे गणपती दाटीवाटीने बसलेले आहेत. त्यांतले सोनेरी गणपती कापून ही आहेराची पाकिटं करते. पाकिटं सुबक होतात, त्याबद्दल वाद नाही. फक्त एकदा झालं काय, की एका लग्नात दिलेल्या पाकिटाच्या आतल्या बाजूला नवरीच्याच थोरल्या बहिणीच्या लग्नाचा मुहूर्त छापलेला निघाला. ते पहिलं लग्न पुढे फारसं टिकाऊ ठरलेलं नव्हतं.

या सगळ्या प्रकाराला माझी एक साधी कसोटी आहे. वस्तू वापरतात, की दाखवतात? ट्रकच्या जुन्या टायरच्या चपला आठवतात का? रस्त्याच्या कडेला बसलेला कारागीर रापीने टायर कापून, त्याचेच पट्टे ठोकून त्या करून द्यायचा. दिसायला ओबडधोबड, पण बाभळीचा काटा आत शिरायची छाती नाही. बांधकामावर चुना-वाळू वाहायला टायरचीच घमेली असत. औषधाच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून त्यातून वात ओवली की झाली चिमणी. अशा चिमणीच्या उजेडात कितीतरी पोरं मॅट्रिक झाली. आता त्यात निवडणुकांच्या आणि वाढदिवसांच्या फ्लेक्सची भर पडली आहे. आमच्या मंडईबाहेर एक भाजीवाली असाच फ्लेक्स अंथरून बसते. भावी नगरसेवकांच्या हसऱ्या चेहऱ्यावर मेथीच्या जुड्या, जोडलेल्या हातांवर वांगी आणि 'शुभेच्छुक' मंडळींवर कोथिंबीर. पावसाळ्यात तेच साहेब तिच्या डोक्यावर छप्पर होतात. निवडून येऊन करतील म्हणालेलं काम त्यांनी आधीच केलं म्हणायचं!

यांतलं कुणीही आपल्याला "ओळखा पाहू" म्हणत नाही. ओळखायचंय काय त्यात? गरज होती, वस्तू हाताशी होती. त्याला हस्तकला म्हणत नाहीत. हस्तकला म्हणायला घरात आधी शोकेस लागते.

आमच्या घराण्यात या कसोटीला पुरी उतरलेली एकच व्यक्ती होऊन गेली. ती म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. नात्याने ती कुणाची आजी, कुणाची बहीण, पण चाळीतल्या दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला 'आत्या'च म्हणत. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत नऊ माणसं राहत होती आणि दहावी तिची ट्रंक. ती पलंगाखाली असे. आत काय असेल याची मुलांना कोण उत्सुकता! प्रत्यक्षात आत असायच्या जुन्या कपड्यांची उसवलेली बटणं, दुधाच्या बाटल्यांची चंदेरी झाकणं, पुड्यांचे दोरे गुंडाळून केलेला नारळाएवढा गुंडा, छत्रीच्या काड्या, फुटक्या बांगड्या, साड्यांचे काठ आणि सिगारेटच्या पाकिटांतले कागद. ("मेलं ओढतात ते ओढतात, कागद तरी नीट ठेवावा!") एखादी गोष्ट टाकायला निघालं की तिचा पलंगावरून आवाज यायचा, "असू दे. लागेल." आणि खरोखर लागायची! छत्रीच्या काड्या स्वेटर विणायला लागल्या. दोऱ्याच्या गुंड्याने चाळीतले गणपतीचे पताके पाच वर्षं बांधले गेले. उरलेला गुंडा पुन्हा ट्रंकेत.

कागदाच्या टोपल्या तर तिच्या हातच्याच. रद्दी तीन दिवस भिजवायची, कुटून तिचा लगदा करायचा, त्यात मेथ्या वाटून घालायच्या म्हणजे कीड लागत नाही, चिंचोक्याची खळ घालायची म्हणजे चिवट होतो, आणि मग उपड्या घातलेल्या पातेल्यावर तो थापून उन्हात ठेवायचा. वाळलेल्या टोपलीत मणभर नाही तरी पायलीभर धान्य सहज राही. आमच्या थोरल्या भावाने आपल्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका या कामी फार उदार मनाने दिल्या होत्या. एका टोपलीच्या बुडाशी गणितातले बारा गुण वडील निवृत्त होईपर्यंत वाचता येत होते.

चाळीच्या तळमजल्यावर दवाखाना होता. तिथल्या कंपाउंडरशी संधान बांधून आत्याने पेनिसिलिनच्या आणि स्ट्रेप्टोमायसीनच्या इवल्या काचेच्या बाटल्या जमवल्या. त्यांची रबरी बुचं आम्हां मुलांना खोडरबर म्हणून वाटली आणि बाटल्यांचं तारेत ओवून झुंबर केलं. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात झुंबर! एरवी पिवळट दिसणारा चाळीस कॅण्डलचा दिवा त्यातून सगळ्या भिंतींवर ठिपके पाडायचा. पाहुणे तोंड भरून कौतुक करीत. फक्त आमचे एक मामा होते, ते धंद्याने डॉक्टर. त्यांनी खाली उभं राहून वर पाहिलं आणि म्हणाले, "वा! अख्ख्या चाळीचा खोकला टांगलाय की!"

आत्याचं खरं वैर मात्र तिघांशी होतं: रद्दीवाला, डबाबाटलीवाला आणि बोहारीण. पहिल्या दोघांना ती गॅलरीतूनच वाटेला लावी. बोहारीण तेवढी वस्ताद. ती दुपारी, पुरुषमाणसं नसताना, डोक्यावरची भांड्यांची पाटी उंबऱ्याशी टेकवून बसायची आणि आमच्या आईला स्टीलचं पातेलं दाखवायची. आईची पातेल्यावर नजर, बोहारणीची आईच्या साडीवर नजर आणि आत्याची दोघींवर नजर. "आत्याबाई, सहा वर्षं नेसले हो ही साडी," आई म्हणायची. "म्हणूनच म्हणते. आता कुठे ती मऊ झालीय. नवी होती तेव्हा मी मागितली होती का?" मग तडजोड व्हायची. जरीची साडी आणि वडिलांची पॅण्ट बोहारणीकडे, सुती साड्या आणि धोतरं आत्याकडे. बोहारीण जाताना "म्हातारी लई खमकी" म्हणून जायची आणि आत्या ते ऐकून दिवसभर खुशीत असायची.

लहानपणी आम्ही या लढाया पाहून हसत होतो. तिला एवढं झोंबतं काय, हे मला फार उशिरा कळलं. आत्याचं लग्न झालं नवव्या वर्षी आणि 1918च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत नवरा गेला, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिला नवऱ्याचा चेहरा आठवत नसे. सासरच्या परसातलं पेरूचं झाड आठवायचं. माहेरी आली ती जन्मभर भावाच्या, मग भाच्याच्या घरी राहिली. तिला कुणी वाकडा शब्द बोललं असं मी ऐकलं नाही. पण डबे आईचे, पलंग आजोबांचा, रेडिओ वडिलांचा, आणि पानावर वाढलेलं भावाचं. तिच्या अंगावरचं तांबडं आलवण सोडलं तर या घरात तिचं म्हणावं असं काही नव्हतं. टाकलेली वस्तू मात्र कुणाचीच नसते. आईने नको म्हटलेली साडी, वडिलांनी फेकलेलं पाकीट, दवाखान्याने टाकलेली बाटली, ही तेवढी तिची. त्यावर तिला कुणाला विचारावं लागत नसे. आणि तीच वस्तू टोपली होऊन, झुंबर होऊन घरात परत आली, की अख्खं घर ती आत्याला विचारून वापरायचं! "आत्या, तुमची टोपली घेऊ का?" हे वाक्य आई आणि आजी दिवसातून चारदा म्हणत.

पुढे बऱ्याच वर्षांनी चंदीगडला रॉक गार्डन पाहताना मला तिचीच आठवण झाली. नेकचंद सैनी नावाचे एक रस्ते-निरीक्षक सरकारी नोकरीत होते. नवं शहर उभं करण्यासाठी पाडलेल्या गावांचं भंगार, फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे, विजेची मोडकी खटकी असं काय काय ते सायकलवरून गोळा करायचे, आणि 1950च्या दशकाच्या अखेरीपासून शहराबाहेरच्या राखीव सरकारी जागेत, कुणाला न सांगता, त्याची माणसं, पक्षी आणि भिंती करायचे. जवळजवळ अठरा वर्षं हे चाललं होतं. सरकारला पत्ता लागला तेव्हा नियमाप्रमाणे सगळं पाडायलाच हवं होतं. पण लोकांना ते आवडलं, सरकारलाही सुबुद्धी सुचली आणि 1976 साली ती बाग सर्वांना खुली झाली. नेकचंदांना त्याच कामावर पगारी नेमलं, हाताखाली मजूर दिले आणि 1984 साली पद्मश्री दिली. 2015 साली ते गेले. काचेच्या बांगड्यांच्या तुकड्यांचे घागरे घातलेल्या त्या बाहुल्यांच्या रांगेपुढे उभा राहून मी हिला म्हटलं, "आत्याला राखीव जमीन मिळाली असती, तर?" ही म्हणाली, "त्यांना पलंगाखालची मिळाली होती ना, पुष्कळ झालं."

आत्याचा हात सगळ्यांत चालला तो गोधड्यांवर. जुन्या साड्यांचे थर जमिनीवर पसरून, कडेपासून धावदोरा घालत ती आत आत चौकोन नेत जायची. दोरा विकतचा नसेच. काठातून उसवून काढलेला. बंगालात कांथा शिवताना बायका असाच जुन्या साड्यांच्या काठांतला दोरा काढत, हे मी पुढे वाचलं. जपानात तर 'बोरो' म्हणून प्रकार आहे. उत्तरेकडच्या गरीब घरांतून ठिगळावर ठिगळ लावून पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली निळी वस्त्रं. वापरणारांना त्यांची लाज वाटायची; आता ती संग्रहालयात काचेमागे टांगतात. आपल्याकडेही वारं तिकडचंच आहे. मागे मुलीबरोबर एका प्रदर्शनाला गेलो होतो. तिथे एक गोधडी होती, साडेचार हजार रुपये. मी विचारलं, "नवी आहे का?" विकणारी मुलगी दुखावली. "नाही काका, जुनीच! अपसायकल केलेली." याचा सायकलशी संबंध नाही, हे मला आमच्या मुलीने बाहेर आल्यावर समजावून दिलं. त्या हिशेबाने आमच्या चाळीतल्या त्या दोन खोल्यांत निदान लाखाचा माल आम्ही अंगाखाली घालून झोपत होतो.

आत्या 1979 साली गेली. झुंबर जागा बदलताना फुटलं, टोपल्या एकेक करून गेल्या. एक गोधडी तेवढी उरली आहे. गेल्या उन्हाळ्यात तिचं वरचं कापड पार विरलं, म्हणून नवं घालायला हिने ती उसवायला घेतली. जुन्या गोधडीवर नवं कापड चढवायचं ही आत्याचीच रीत, त्यामुळे आत थर किती याचा कुणालाच अंदाज नव्हता. मी पेपर वाचत होतो. ही एकेक थर उचलत होती आणि मोठ्याने नोंद करत होती. "ही सासूबाईंची नारळी पौर्णिमेची." "हे मामंजींचं धोतर, शाईचा डाग आहे." त्याखाली आजीची दोन लुगडी निघाली, तपकिरी आणि जांभळी, मग एक कसलीशी सतरंजी. म्हटलं, हे काय मोहेंजोदडो चाललंय!

मग हिचा आवाज थांबला. मी पेपर खाली केला. सगळ्यांत मधोमध एक हिरवं कापड होतं. बारीक लाल काठ, रंग अजून बऱ्यापैकी टिकलेला. उजेड लागला नव्हता ना त्याला! मला वाटलं, लुगड्याचा तुकडा असेल. हिने हाताने मापलं. "तुकडा नाही. दोन्ही पदर आहेत. अहो, ही चिरडी आहे." चिरडी म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलीला नेसवायचं लुगडं, हल्ली शब्दही ऐकू येत नाही. घरात त्या काळात त्या वयाची आणि लुगडं नेसायची वेळ आलेली मुलगी एकच.

"वेगळी काढून ठेवू या का?" मी विचारलं. "पेटीत, नॅप्थलीनच्या गोळ्या घालून..."

"कशाला? त्यांनी मधे घातलीय ना, मधेच राहू दे."

मग तिने थर होते त्याच क्रमाने परत रचले. वरून घालायला माझी दोन जुनी धोतरं आणि मुलीचे कॉलेजातले कुडते निघाले. बोहारीण आता आमच्या बाजूला फिरकत नाही, त्यामुळे त्यावर कुणाचा हक्क नव्हता. गेला महिनाभर दुपारी शिवण चाललंय. सुईत दोरा ओवून द्यायचं काम माझ्याकडे आहे. लहानपणी आत्याला ओवून द्यायचो तेव्हा एका दमात जायचा. आता चष्मा लावूनसुद्धा तिसऱ्या खेपेला जातो, आणि तेवढ्यात ही पुढचा दोरा दाताने तोडून हात पुढे करते.